तयार चित्रांची कुळकथा

आज ज्या विषयासंबंधीं मी चार शब्द बोलणार आहें, तो ऐकतांच कांहीं श्रोत्यांना वाटेल कीं, हा इतिहासाचा विषय नव्हे. ही तर काल-परवांची बाब आहे. बसल्या जागीं, संगणकावर किंवा मोबाईलवर, हवें तें छायाचित्र, हवी ती वेलबुट्टी, हवी ती चित्रफीत अल्प मोलानें, आणि पुष्कळदां फुकटहि, मिळूं लागली आहे. त्यामुळें मुखपृष्ठें, जाहिराती, पत्रिका, पाठ्यपुस्तकें यांची सजावट करणाऱ्या कलावंताचें काम पालटत आहे. त्याला पूर्वीं आपण कमर्शियल आर्टिस्ट म्हणत असूं. आज डिझायनर म्हणतों. परंतु हा पालट एका दिवसांत घडलेला नाहीं. एकदां करून ठेवलेलें चित्र दुसऱ्याच कामाला वापरण्याची चाल छापखान्याइतकीच जुनी आहे. तिची कुळकथा सांगावी, आणि तींतून आजच्या स्थितीविषयीं कांहीं बोध निघतो काय तें पाहावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

कथेचा आरंभ जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं करूं. तेथें १४९३ सालीं आंटोन कोबेर्गर या मुद्रकानें जगाच्या इतिहासाचा एक भव्य ग्रंथ छापला. ग्रंथकार हार्टमान शेडेल हा वैद्य होता, आणि चित्रें मिखाएल वोल्गेमुट व विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या चित्रशाळेंत तयार झालीं. या ग्रंथांत १,८०० हून अधिक चित्रें आहेत; परंतु त्यांसाठीं कोरलेले लांकडी ठसे अवघे ६४५. मग उरलेलीं चित्रें आलीं कोठून? उत्तर सोपें आहे: एकच ठसा पुन्हा पुन्हा वापरला. एका पानावर एक नगर एका नांवानें उभें असतें. कांहीं पानें उलटलीं कीं तीच तटबंदी, तेच मनोरे आणि तीच वेस दुसऱ्या नगराचें नांव धारण करून पुन्हा भेटतात. माणसांच्या चेहऱ्यांचीहि तीच गत. मुद्रकाला खर्च वांचवावयाचा होता, आणि लांब देशींचें एखादें गांव खरोखर कसें दिसतें हें तपासण्यास जाणार तरी कोण?

पण त्याच ग्रंथांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रत्यक्ष न्यूरेंबर्ग शहराचें चित्र आलें, तेव्हां मात्र तयार ठशावर भागविलें नाहीं. त्यासाठीं समोरासमोरच्या दोन पानांवर पसरणारें नवें चित्र कोरलें, आणि त्यांत त्या शहराचे बुरूज व प्रार्थनामंदिरें ओळखूं येतात. जें परकें व दूरचें, त्याला तयार चित्र चाललें. जें आपलें, त्याला स्वतंत्र चित्र लागलें. या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे त्याचें बीज या दोन पानांत आहे.

पुढील तीन-चार शतकांत लांकडाच्या जागीं धातु आला. १८३८ च्या सुमारास विजेच्या साह्यानें तांब्याचा थर बसवून मूळ ठशाची हुबेहूब नक्कल काढण्याची युक्ति निघाली. मग खिळे ओतणारे कारखानदार आपल्या नमुन्यांच्या पुस्तकांत अक्षरांबरोबर चित्रेंहि विकूं लागले: जहाज, घोडा, आगगाडी, गलबत, बोट दाखविणारा हात. लहान गांवच्या मुद्रकाला चित्रकार ठेवणें परवडत नसे. त्यानें कारखान्याकडून ठसे आणावे आणि गिऱ्हाइकाच्या मजकुराशेजारीं लावावे. त्याच्या दृष्टीनें हें वरदानच होतें. ज्या दुकानदाराच्या जाहिरातींत पूर्वीं नुसतीं अक्षरें असत, तिला आतां चित्र लाभलें.

परंतु या वरदानाची एक काळी बाजूहि होती. अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. त्यापूर्वीं तेथील वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांना धरून देण्याविषयींच्या जाहिराती येत असत. पुष्कळ जाहिरातींच्या माथ्यावर, काठीला बोचकें अडकवून निघालेल्या माणसाचा एक तयार ठसा छापलेला असे. खालच्या मजकुरांत त्या माणसाचें नांव, वय, अंगावरील खुणा यांचें बारीक वर्णन. चित्र मात्र सर्वांना एकच. जीव धोक्यांत घालून निघालेल्या निरनिराळ्या माणसांना मिळून एक चेहरा, आणि तोहि कारखान्यांत ओतलेला! तयार चित्र किती सोयीचें असतें आणि किती निष्ठुर होऊं शकतें, हें एकाच वेळीं सांगणारें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. लग्नपत्रिकेच्या माथ्यावरील गणपति आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिला आहे. तो प्रत्येक लग्नासाठीं कोणी नव्यानें काढीत नसे. छापखान्यांत त्याचे ठसे तयार असत, आणि वधूवरांचीं नांवें तेवढीं बदलत. कोणाला त्यांत वाईट वाटत नसे, आणि वाटण्याचें कारणहि नव्हतें. कारण गणपति सर्वांचा एकच. जें सर्वांचें आहे त्याला सर्वांचें चित्र शोभून दिसतें.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणांवर घडली ती रंगीत शिळाछापामुळें. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास १८७८ सालीं चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना सुरू केला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेण्यांत आला व त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. एकेका रंगासाठीं एकेक दगड, अशा रीतीनें छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोंचल्या. जें चित्र पूर्वीं संस्थानिकांच्या वाड्यांतच दिसावयाचें, तें चाळींतल्या खोलींत आलें. ज्यांना मंदिराचें दार बंद होतें, त्यांच्याहि भिंतीवर देव आला. पुढें अशाच चित्रांखालीं व्यापारी आपलीं नांवें छापून दिनदर्शिका वांटूं लागले. मात्र त्याबरोबरच देवतेचें एक ठराविक रूप आपल्या डोळ्यांत इतकें ठसलें कीं, लक्ष्मी म्हटलें कीं बहुतेकांच्या मनासमोर छापील लक्ष्मीच उभी राहते. स्वस्त चित्र घरांत येतें, तसें तें मनांतहि जागा धरून बसतें.

विसाव्या शतकांत या व्यवसायांत छायाचित्र आलें, आणि ठशांच्या पेटीचें कोठार झालें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनीं १९२० सालीं तयार छायाचित्रें भाड्यानें देणारी संस्था काढली. त्याहून रंजक कथा ऑटो बेटमान यांची आहे. ते बर्लिनच्या कला-ग्रंथालयांत काम करीत. ज्यू असल्यामुळें नाझी राजवटींत त्यांची नोकरी गेली, आणि १९३५ सालीं चित्रांनीं भरलेल्या दोन पेट्या घेऊन ते न्यूयॉर्कला आले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं ‘बेटमान आर्काइव्ह’ ही संस्था उघडली. संपादकाला किंवा जाहिरातदाराला जुन्या काळचें एखादें चित्र हवें असलें कीं त्यानें यांच्याकडे यावें. कोणतें चित्र कोठें आहे हें सांगणारी सूची, हेंच या ग्रंथपालाचें खरें भांडवल होतें.

त्या काळची रीति अशी कीं, चित्राचें मोल वापरावर ठरे. चित्र किती मोठें छापणार, किती प्रती निघणार, कोणत्या देशांत जाणार, हें विचारून आकार सांगत. छायाचित्रकाराला त्यांतून वांटा मिळे, आणि कष्टाळू माणसाचा त्यावर संसार चाले. जाहिरातसंस्थेंत बसलेला कलावंतहि तयार चित्र जपूनच वापरी. कारण तें महाग होतें. जमेल तेथें तो स्वतः काढी. आपल्या दिवाळी अंकांचीं त्या काळचीं मुखपृष्ठें आठवा. दीनानाथ दलाल यांनीं १९४५ सालीं ‘दीपावली’ सुरू केली. रघुवीर मुळगांवकर त्यांचेच समकालीन. अशा चित्रकारांच्या हातची रेषा दुरूनहि ओळखूं येई. मुखपृष्ठ म्हणजे त्या त्या अंकासाठीं मुद्दाम घडविलेली वस्तु, अशीच वाचकांची समजूत होती.

ही घडी विस्कटली ती गेल्या शतकाच्या अखेरीस. बिल गेट्स यांनीं १९८९ सालीं जी संस्था काढली, ती पुढें ‘कॉर्बिस’ या नांवानें प्रसिद्ध झाली; तिनें १९९५ सालीं बेटमान यांचें कोटीहून अधिक चित्रांचें कोठार विकत घेतलें. त्याच १९९५ सालीं मार्क गेटी व जोनाथन क्लाइन यांनीं लंडनमध्यें गेटीची संस्था स्थापिली. बेटमान यांचे मूळ कागद व काचा जिरूं नयेत म्हणून २००१ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियांतील चुनखडीच्या एका जुन्या खाणींत, अति थंड कोठड्यांत नेऊन ठेवण्यांत आल्या. तोंवर त्यांतला अगदीं थोडाच अंश संगणकावर चढला होता. ठेवण्याची ही व्यवस्था उत्तम. पण जें संगणकावर चढलें नाहीं, तें शोधणाऱ्याच्या लेखीं नसल्यासारखेंच झालें, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे.

याच सुमारास, २००० सालीं, कॅनडांतील कॅल्गरी शहरीं ब्रूस लिव्हिंगस्टन यांनीं ‘आयस्टॉकफोटो’ सुरू केलें. प्रारंभीं ती कलावंतांची आपसांतली विनामूल्य देवघेव होती. पुढें चित्रामागें अगदीं क्षुल्लक दर आकारूं लागले. २००३ सालीं न्यूयॉर्कमध्यें जॉन ओरिंजर यांनीं स्वतः काढलेल्या सुमारें ३०,००० छायाचित्रांवर ‘शटरस्टॉक’ उभारलें व मासिक वर्गणी भरून चित्रें घेण्याची सोय केली. २०१३ सालीं कॅनडांतच ‘अनस्प्लॅश’ निघालें. तेथें तर चित्रें फुकटच.

दर इतका उतरला कसा? कारणें तीन. पहिलें, डिजिटल कॅमेऱ्यामुळें फिल्मचा व धुलाईचा खर्च गेला. दुसरें, चित्राची दुसरी प्रत काढण्यास आतां कांहींच लागत नाहीं. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें: चित्रें देणाऱ्यांत हौशी माणसें असंख्य झालीं. कोणी गृहिणी, कोणी अभियंता. त्यांचें पोट दुसऱ्या धंद्यावर भरत असल्यामुळें मिळेल तें त्यांना जास्तच वाटे. ज्याचें पोट याच धंद्यावर, त्याला त्या दराशीं स्पर्धा करणें अशक्य झालें.

‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाच्या जून २००६ च्या अंकांत याचें एक बोलकें उदाहरण आलें आहे. एका नियोजित आरोग्य-संग्रहालयाला आजारी माणसांचीं छायाचित्रें हवीं होतीं. एका व्यावसायिक छायाचित्रकारानें संस्था लोकोपयोगी म्हणून आपला नेहमींचा दर निम्म्यावर आणला आणि चित्रामागें १०० ते १५० डॉलर सांगितले. बोलणें जवळजवळ पक्कें झालें होतें. इतक्यांत संग्रहालयाच्या बाईंना आयस्टॉकफोटोचा पत्ता लागला, आणि त्यांनीं एकाच दिवसांत ५६ चित्रें सुमारें एकेका डॉलरला घेतलीं. बाईंचें काय चुकलें? कांहींच नाहीं, सार्वजनिक पैसा त्यांनीं जपून खर्चिला. छायाचित्रकाराचें तरी काय चुकलें? त्याचेंहि कांहीं नाहीं. कोणाचाहि दोष नसतां एका माणसाचा धंदा बसावा, ही या कथेंतील खरी बोचणारी गोष्ट आहे. त्याच २००६ सालीं गेटीनें आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरांस विकत घेतलें, आणि २०२१ सालीं अनस्प्लॅशहि घेतलें. म्हणजे आळींतल्या आळींत चाललेल्या फुकट देवघेवीचा शेवट पुन्हा एका मोठ्या पेढींतच झाला.

डिझायनराच्या कामावर याचा परिणाम काय झाला? पूर्वीं त्याच्या दिवसाचा मोठा भाग काढण्यांत जाई. आज तो शोधण्यांत, निवडण्यांत, कापण्यांत आणि जुळविण्यांत जातो. हाताच्या कसबाबरोबर आतां पारख लागते. ही पारख हलकी नव्हे. लक्षावधि चित्रांतून नेमकें एक उचलणें हेंहि कौशल्यच आहे. परंतु निवडणारे सर्वजण एकाच कोठारांत शिरले म्हणजे काय होतें, तें २००४ सालीं दिसलें. डेल आणि गेटवे या संगणक विकणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या जाहिरातींत, शाळा-कॉलेजें उघडण्याच्या हंगामांत, एकच विद्यार्थिनी झळकली! दोघांनीं चित्रें एकाच मालिकेंतून घेतलीं होतीं. न्यूरेंबर्गचा एकच ठसा दोन नगरांना लागला होता. पांचशें वर्षांनीं एकच मुलगी दोन दुकानांना लागली.

येथें कोणी असें समजूं नये कीं, मी स्वस्ताईविरुद्ध तक्रार करीत आहें. तसें करणें कृतघ्नपणाचें होईल. शाळांचीं वार्षिकें कशीं निघत असत हें मीं नोकरीच्या काळांत पाहिलें आहे. चित्रकलेच्या मास्तरांना सवड मिळाली तर मुखपृष्ठावर चित्र, नाहींतर नुसतें शाळेचें नांव. आज खेड्यांतली शाळा, लोणचीं-पापड विकणारा बचतगट, पदरमोड करून काढलेलें लहानसें नियतकालिक, या सर्वांना नेटकें रूप देतां येतें. अक्षरांचीच गोष्ट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळीनें ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखीं देवनागरी वळणें कोणींहि विनामूल्य वापरावीं अशा रीतीनें खुलीं केलीं आहेत. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हां सुबक मराठी अक्षर ही मोठ्या मेहनतीची व मोलाची वस्तु होती. आज ती विद्यार्थ्याच्याहि हातीं आहे. हा लाभ लहान नाहीं.

माझी चिंता निराळी आहे. कोठार कितीहि मोठें असलें तरी त्यांत कोणीतरी ठेवलेलेंच सांपडतें. जें मागितलें जाईल अशी ठेवणाऱ्याची अटकळ असते, तेंच तो ठेवतो. आणि मागणारे ज्या देशांत अधिक, त्या देशाचे चेहरे अधिक. म्हणून आपल्याकडच्या शिकवणीवर्गाच्या पत्रकावर पुष्कळदां सोनेरी केंसांचीं मुलें हंसत असतात, आणि मराठी गृहिणीच्या हातच्या मसाल्यामागें परदेशी ओटा दिसतो. ही उणीव व्यापाऱ्यांच्याहि ध्यानांत आली. दिल्लीस संदीप माहेश्वरी यांनीं २००६ सालीं केवळ भारतीय चेहऱ्यांचें ‘इमेजेसबझार’ हें भांडार काढलें. २०१४ सालीं गेटीनें ‘लीन इन’ या संस्थेच्या साह्यानें कामकरी व कर्तबगार स्त्रियांच्या चित्रांचा स्वतंत्र संग्रह केला; कारण त्यापूर्वींच्या कोठारांत स्त्री फार ठराविक रूपांत दिसत होती. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. तथापि ‘भारतीय’ म्हणून जें मिळतें, तेंहि बहुधा शहरी, नटलेलें आणि कोणत्याच गांवचें नसलेलें असतें. नंदुरबारची आश्रमशाळा, वेंगुर्ल्याच्या बाजारांतली माशांची विक्री, यवतमाळच्या शेतांतील कापसाची वेंचणी, यांचें खरें रूप हवें असेल तर कोणालातरी तेथें जावेंच लागतें. आणि जाणाऱ्याचा खर्च द्यावयास कोणी तयार नसेल, तर तें चित्र निघणारच नाहीं. जें कोठारांत नाहीं, तें हळूहळू आपल्या पुस्तकांतून, भिंतींवरून आणि अखेर आठवणींतूनहि नाहींसें होतें.

या कथेचा नवा अध्याय आपल्या डोळ्यांदेखत लिहिला जात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आतां सांगाल तें चित्र क्षणांत बनवितात; पण तीं शिकलीं तीं माणसांनीं काढलेल्या असंख्य चित्रांवरच. शटरस्टॉकनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘ओपनएआय’शीं सहकार्य जाहीर केलें व चित्रें देणाऱ्यांना त्याचा मोबदला देण्यासाठीं एक निधि ठेवण्याचें म्हटलें. गेटीनें २०२३ सालीं ‘स्टेबिलिटी एआय’विरुद्ध लंडनच्या न्यायालयांत दावा लावला; नोव्हेंबर २०२५ मधील निकालांत त्यांतील बहुतेक मागण्या फेटाळल्या गेल्या. कायद्याचा वाद चालूच राहील. परंतु एवढें उघड आहे कीं, यंत्राला जें दाखविलें गेलें नाहीं, तें यंत्राच्याहि हातून नीट उतरत नाहीं. कोठाराची उणीव तेथेंहि वारशानें जाते.

मग उपाय काय? तयार चित्रावर बहिष्कार घालणें हा उपाय नव्हे. तो कोणी पाळणारहि नाहीं. न्यूरेंबर्गच्या मुद्रकानें पाळलेला नियमच मला शहाणपणाचा वाटतो. आकाश, फुलें, पेन, चष्मा, लग्नपत्रिकेवरचा गणपति, हीं सर्वांचीं आहेत. तीं खुशाल कोठारांतून आणावीं. पण जेथें आपल्या गांवाचें, आपल्या शाळेचें, आपल्या माणसांचें नांव खालीं यावयाचें आहे, तेथें चित्रहि त्यांचेंच असावें, आणि तें काढणाऱ्याला त्याचें मोल द्यावें. तयार चित्रामुळें जो पैसा वांचला, त्यांतला थोडा या कामीं लावला तरी पुष्कळ होईल. पुस्तक काढणाऱ्यानें प्रकरणोप्रकरणीं नव्हे, पण एका तरी पानासाठीं चित्रकाराला हांक मारावी. संस्थेच्या स्मरणिकेसाठीं एखाद्या तरुण छायाचित्रकाराला एक दिवसाची मजुरी देऊन आवारांत फिरवावें. असें केल्यानें कोठारवाल्यांचें कांहीं बिघडत नाहीं, आणि आपल्या मुलांना पुस्तकाच्या पानावर आपलें गांव ओळखीच्या रूपांत भेटतें. पांचशें वर्षांपूर्वींच्या त्या ग्रंथांतील दूरच्या नगरांचीं चित्रें आज केवळ शोभेचीं राहिलीं आहेत; न्यूरेंबर्गच्या चित्रावरून मात्र तें शहर त्या काळीं कसें होतें हें अजून अभ्यासतां येतें.